दुमेला आणि खोकला

आमच्या वस्तीतल्या सगळ्या पुरुषांना काही वर्षं खोकला होता. दवाखान्यातल्या नर्सबाईंना त्याचं मूळ कधी सापडलं नाही, कारण तो दवाखान्यात येतच नसे. तो यायचा नळावर, दुकानाच्या पायरीवर आणि शेजारच्या म्मा-ओलेबिलेच्या कुंपणापाशी. आणि तोही समोर गापे उभी असली तरच.

त्याचं असं आहे. आमच्या कान्ये गावात माणूस माणसाला भेटला की 'दुमेला' म्हणतो आणि त्याला शेपूट जोडतो. पुढे बाई असेल तर 'म्मा', बाप्या असेल तर 'र्रा'. नुसतं 'दुमेला' म्हणून पुढे जाणं म्हणजे पाहुण्याला पाणी दाखवून तांब्या आत नेण्यासारखं. एरवी आमची भाषा फार सोयीची. 'गेला' आणि 'गेली' आमच्याकडे एकच. अख्खा माणूस पाठीमागे चघळून संपवला, तरी तो बाई की बाप्या हे सांगावं लागत नाही. पंचाईत होते ती तोंडावर. म्हणून गापेसमोर आम्ही 'दुमेला' एवढं म्हणायचो आणि उरलेल्या जागी खोकायचो.

"दुमेला... ख्हं."

ती मात्र प्रत्येकाला पुरतं उत्तर द्यायची. "दुमेला, र्रा." वर विचारायची, "रात्री झोप लागली ना?"

बायकांना हा खोकला कधी झालाच नाही. त्यांनी पहिल्या महिन्यातच 'म्मा' म्हणायला सुरुवात केली. "जिच्याबरोबर एका घमेल्यात शेण कालवायचं, तिच्याशी खोकून कसं बोलणार?" असं आमची म्मा-तेबात्सो मला विचारायची. तेबात्सो ही आमची थोरली, तिच्यावरून ही म्मा-तेबात्सो आणि मी र्रा-तेबात्सो. आमच्याकडे पहिलं मूल झालं की आईबापांची नावं पुसली जातात, ती अशी.

गापेच्या नावाचीही एक गोष्ट आहे. म्मा-ओलेबिलेला लागोपाठ चार मुलगे झाले. पहिला ओलेबिले, चौथा लेउंगो, मधले दोघे परगावी असतात आणि स्वभावानेही मधलेच आहेत. पाचव्या खेपेला तिनं मुलीचं नाव ठरवून ठेवलं, एक इवलासा झगाही शिवला. मूल झालं, सुईणीनं उचलून दाखवलं, आणि दारातून सासू म्हणाली, "मोसिमाने गापे." म्हणजे 'पुन्हा मुलगा'. ते काही नाव नव्हतं, सुस्कारा होता. पण आमच्याकडे सुस्काऱ्यांचीही नावं होतात. शाळेच्या पटावर मोसिमानेगापे लागलं, घरात नुसतं गापे, 'पुन्हा'. झगा वाया जाऊ नये म्हणून वर्षभर घातला. पुढे ओलेबिले म्हणायचा की सगळा दोष त्या झग्याचा. त्यावर त्याची आई म्हणायची, "मग तुला बैलाची वेसण घालून वाढवलं असतं तर नांगराला तरी उपयोगी पडला असतास."

चौघे गुरांमागे जायचे. धाकटं आईजवळ. आमच्याकडे अंगणाच्या भिंती बुटक्या, लाल मातीच्या. त्या आणि अंगण शेणामातीनं सारवायचं, आणि ओलं असतानाच बोटांनी त्यात रेघा ओढायच्या. प्रत्येक घराची नक्षी वेगळी, आईकडून मुलीकडे जाणारी. म्मा-ओलेबिलेच्या घरच्या रेघा पाण्यासारख्या वळणं घेत अंगणभर फिरायच्या आणि उंबऱ्याशी आल्या की शेवटची रेघ मुद्दाम तोडलेली असायची. पुढच्या खेपेला तिथूनच धरायची, असा त्या घराचा शिरस्ता. मुलगी नाही, तर शिकवणार कुणाला? तिनं गापेचा हात धरला. दहाव्या वर्षी त्या पोराची बोटं अशी फिरायची, की लग्नघरच्या बायका "जरा उसनं द्या हो तुमचं धाकटं" म्हणून न्यायला यायच्या.

मग गापे राजधानीत, गाबोरोनला गेली, तिथं कपडे धुण्याच्या कारखान्यात लागली. तीन वर्षांनी म्मा-ओलेबिलेची डावी बाजू गेली. चार मुलगे आले, अंगणात उभे राहिले, "कुणीतरी इथं राहायला पाहिजे" असं म्हणाले आणि चौघांनीही कुंपणाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशीच्या बसनं गापे उतरली. घोट्यापर्यंत स्कर्ट, डोक्याला रुमाल, हातात एक पिशवी. आख्खी वस्ती आपापल्या अंगणात अचानक काहीतरी शोधू लागली. मीही शोधत होतो, काय ते आठवत नाही.

म्मा-ओलेबिले खुर्चीत होती. वाकड्या झालेल्या तोंडानं तिनं मुलाकडे, म्हणजे जे कोण आलं होतं त्याच्याकडे, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "अंगण उकललंय. सारवायला घे. तो स्कर्ट वर खोच आधी, शेण लागेल."

एवढंच. दरबार संपला.

नाव बदलतानाही गापेला फारसे कष्ट पडले नाहीत. 'मोसिमाने' काढून 'मोसेत्साना' घातलं, की झालं मोसेत्सानागापे, 'पुन्हा मुलगी'. मी तिला कुंपणावरून म्हणालो, "अगं... ख्हं... घरात आधी एकही मुलगी नाही, आणि नाव 'पुन्हा मुलगी'?"

"आईनं झगा शिवला तेव्हा एकदा झाले होते, र्रा," ती म्हणाली. "ही दुसरी खेप."

खरी मात केली ती म्हातारीनं. दवाखान्यात नर्सबाई हाक मारतायत, "म्मा-ओलेबिले. म्मा-ओलेबिले." ही समोर बसलेली, हूं की चूं नाही. नर्सबाईंना वाटलं कानही गेला. जवळ येऊन खांदा हलवला, तर म्हणते, "ती कोण? मी म्मा-गापे."

बाकावरच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "अहो, पाचव्याच्या नावानं कधी आई होतं का कुणी? पहिल्याचं नाव लावतात."

"पहिलीचंच लावलंय," म्हातारी म्हणाली.

तेव्हापासून ती म्मा-गापे. ओलेबिले ज्वानेंगच्या खाणीत मोठा मुकादम, त्याच्या कानावर गेलं तेव्हा तो दोन महिने घरी आला नाही. चाळीस वर्षं आईनं मिरवलेलं आपलं नाव एका सकाळी दवाखान्यात उतरवून ठेवलेलं कुणाला आवडेल? त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही.

आता माझं काम सांगतो. आमच्याकडे माणूस गेला की त्याची जीवनकथा एका कागदावर लिहितात आणि दफनाच्या पहाटे सगळ्यांसमोर वाचतात. कुठं जन्म, कुणाशी लग्न, मागे कोण कोण. आमच्या वस्तीत ते वाचायचं काम गेली पंचवीस वर्षं माझ्याकडे आहे. मी शाळेत शिकवायचो, आवाज मोठा. म्मा-तेबात्सो म्हणते, माझा आवाज आला की आजारी माणसं स्वतःची नाडी बघतात.

त्या जूनमध्ये म्मा-गापेनं मला कुंपणाशी बोलावलं. उन्हात खुर्ची होती, पायांवर चौकड्यांची शाल.

"तूच वाचणार ना माझं?" तिनं विचारलं.

"घाई काय आहे, म्मा?"

"घाई नाही. पण नीट वाच. चार मुलगे आणि एक मुलगी. म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं. कुंपणाशी कुणी नव्हतं, म्हणायला काय लागतं. "चार मुलगे आणि एक मुलगी." तिनं डोळे मिटले, वर्गात पाढा बरोबर आल्यावर मिटतात तसे. आत गापे तिच्यासाठी ज्वारीची आंबील ढवळत होती, तिचा हात थांबलेला मला दिसला. म्हणजे तिनंही ऐकलं होतं.

ऑगस्टच्या वाऱ्यात म्हातारी गेली.

घरात गादी जमिनीवर टाकतात, आणि जवळची बाई दफन होईपर्यंत त्यावर शाल पांघरून बसते. येणाऱ्या बायका तिच्यापाशी बसून रडतात. गादीवर कोण बसणार हा प्रश्न पुरुषांनी अंगणात काढायच्या आत बायकांनी खोलीत मिटवून टाकला होता. मोआगीमामांना, म्हणजे म्मा-गापेच्या थोरल्या भावाला, कुणीतरी विचारलं. आमच्याकडे मामाचा शब्द शेवटचा. मामा शेकोटीपाशी बसले होते. म्हणाले, "गादी बायकांची. मी बैल कुठला कापायचा ते बघतोय. ख्हं."

शुक्रवारी संध्याकाळी ओलेबिले आला आणि त्यानं माझ्या हातात कागद ठेवला. छापलेला, वर आईचा फोटो. 'मागे पाच मुलगे' आणि खाली पाच नावं, पाचवं मोसिमानेगापे. आईचं नाव म्मा-ओलेबिले.

मी कागद घेऊन मामांकडे गेलो. "मामा, मी तिला शब्द दिलाय. चार आणि एक."

मामांनी काठीनं राख उकरली. "धाकट्या मुलाला घर मिळतं, हे ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. आमच्याकडे थोरल्याला गुरं, धाकट्याला आईचं घर.

"उद्या तू चारचौघांत 'मुलगी' म्हणालास, की धाकटा मुलगा कोण झाला? लेउंगो. घर त्याचं. गापे कुठं जाईल? मुलीला घर देणारे लोक आताशा आहेत म्हणतात, पण या घरात मी अजून पाहिलेले नाहीत. तू मास्तर आहेस. वाच, नाहीतर खोक. पण तिचं छप्पर काढू नकोस."

दुसऱ्या दिवशी पहाटे कबरीपाशी सगळे जमले. पुरुषांनी टोप्या काढल्या, बायकांनी रुमाल घट्ट केले. गापे बायकांत पुढे, शालीत गुंडाळलेली, आमच्या म्मा-तेबात्सोच्या खांद्याला टेकून. मी वाचू लागलो. जन्म वाचला, लग्न वाचलं, चर्चमध्ये तिनं केलेली कामं वाचली. मग ती ओळ आली. गापेनं शाल डोळ्यांवरून थोडी मागे घेतली आणि माझ्याकडे पाहिलं.

"त्यांच्या मागे चार मुलगे," मी म्हणालो, "आणि... ख्हं... ख्हं." आणि पुढची ओळ वाचली.

तिनं शाल पुन्हा पुढे ओढली.

दफनानंतर फाटकाशी पाण्यानं हात धुतात. मी घंगाळापाशी मुद्दाम रेंगाळलो. ती आली, हात बुडवले, निथळले. मी म्हणालो, "गापे, घरासाठी केलं मी. मामांना विचार."

"मी घर मागितलं होतं का, र्रा?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "जीवनकथा एकदाच वाचतात. तिची वाचून झाली." मग जाता जाता म्हणाली, "खोकल्याला काहीतरी घ्या. जुना आहे."

त्या दिवशी कुटलेलं मांस आणि मक्याचा भात वाढला होता. मी ताट घेऊन अंगणभर फिरलो. घरासाठी खोकलो असं मी बऱ्याच जणांना सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण मामांनी कारण दिलं ते आदल्या संध्याकाळी. खोकला नऊ वर्षांचा होता.

चौथ्या दिवशी अंगणात वाटणीची बैठक बसली. शेजारी म्हणून मलाही साक्षीला बोलावलं. पुरुषांना खुर्च्या, बायकांना चटई. मामांच्या समोर मुलांसाठी पाच खुर्च्या मांडल्या होत्या. चार भरल्या. गापे चटईवर पाय लांब करून बसली. आई गेली की मुलं, मुलगे असोत की मुली, डोकं भादरतात, तिनंही भादरलं होतं. नऊ वर्षांत वाढवलेले केस गेले होते, आणि रुमालाखालचा तो तुळतुळीत गोल, रुंद कपाळ, सगळं ओलेबिलेसारखंच दिसत होतं. मुलगी म्हणून शोक पाळण्यात तिचं दिसणंच खर्ची पडलं होतं. कालच बसथांब्यावरच्या कुणी अनोळखी पोरानं तिला "दुमेला, र्रा" म्हटलं, हे म्मा-तेबात्सोनं मला सांगितलं होतं.

मामांनी प्रार्थना केली, थोरल्याची गुरं सांगितली. मग म्हणाले, "आता घर. घर धाकट्या मुलाचं."

ओलेबिले खुर्चीतून पुढे वाकला. "गापे, ये, बस इथं," तो म्हणाला, आणि मला वाटलं त्यापेक्षा मऊ म्हणाला. "मी कागदावर पाच उगाच नाही छापले. मला राग होता, तो होता. पण आईचं नऊ वर्षं तू केलंस, हे आम्ही चौघे जाणतो. घर तुझंच व्हावं. एकदा रुमाल काढ, खुर्चीत बस, मामांना 'हो' म्हण. पाच मिनिटांचं काम. मग फाटकाबाहेर काय नेसायचं ते नेस, मी विचारणार नाही."

मला तर मनातून वाटत होतं, बस गं बाई, पाच मिनिटं काय जातात.

गापेनं चटईच्या कडेवरून बोट फिरवलं. "दादा, पाच मिनिटं मी बसेनही," ती म्हणाली. "पण मग दवाखान्यात ती नाव बदलून बसली होती, ते काय होतं? म्हातारीला भ्रम झाला होता?"

"कुणी असं म्हणणार नाही."

"मीच म्हटल्यासारखं होईल. तिचं सांगणं खरं होतं म्हणायला आता मीच उरलेय. कागदात ते आलं नाही." ती मामांकडे वळली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही, आणि तेच जास्त लागलं. "मामा, धाकटा मुलगा लेउंगो. घर त्याचं. मी म्मा-गापेची मुलगी."

लेउंगो गडबडून म्हणाला, "अगं, मला कशाला... राहा ना तू इथंच."

मामांनी काठी जमिनीवर टेकवली. त्यांच्या घशात काहीतरी हललं, आणि मला वाटलं, आला खोकला. पण ते म्हणाले, "ऐकलं, म्मा."

पुरुषानं गापेला म्हटलेलं ते पहिलं 'म्मा'. त्या बैठकीत गापे तेवढ्यालाच रडली. पाचवी खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली, नंतर कुणीतरी तिच्यावर चहाचा ट्रे ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणाशी गेलो. ती कोरडं शेण वेचत होती.

"दुमेला, म्मा," मी म्हणालो.

तिनं मान वर केली. "आज खोकला नाही?"

"नाही, म्मा."

"उशिरा बरा झाला, र्रा," ती म्हणाली आणि पुन्हा वेचू लागली. माझ्याशी सरळ बोलायला तिला पुढे दोन महिने लागले, आणि ते कमीच होते.

लेउंगो वाईट नाही. नाताळपर्यंत त्यानं तिला राहू दिलं. पण त्याच्या बायकोला घर भाड्यानं द्यायचं होतं, आणि भाडेकरूंना शेणाचं अंगण नको असतं, सिमेंटचं लागतं. सोमवारी सिमेंट येणार म्हणून कळलं, तेव्हा शनिवारी वस्तीतल्या बायका आपापली घमेली घेऊन आल्या. न बोलावता. सकाळपासून दुपारपर्यंत सगळ्यांनी मिळून ते अंगण सारवलं. दोन दिवसांनी जे गाडलं जाणार, ते इतकं नीट सारवताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. नक्षी मात्र एकटीनं काढली, गापेनं. बायका आणि त्यांच्या पोरी मागे उभ्या राहून तिची बोटं बघत होत्या. पुरुष कुंपणापलीकडे होते, आणि येता-जाता प्रत्येक जण "दुमेला, म्मा" म्हणत होता. काहींनी तर दोनदा म्हटलं, मागची बाकी असल्यासारखं. ती प्रत्येकाला पुरतं उत्तर देत होती. उंबऱ्याशी आल्यावर तिनं शेवटची रेघ तोडली. सवयीनं तोडली असावी. मग बघत राहिली, आणि म्मा-तेबात्सोनं तिला उठवून आणलं.

सोमवारी सिमेंट पडलं. आता ते अंगण राखाडी आहे, सपाट, झाडायला सोपं.

गापे आमच्या मागच्या खोलीत राहते. मार्चमध्ये आमचं अंगण सारवताना तिनं पहिली रेघ उंबऱ्यापासून धरली, अर्ध्यातूनच, जणू आधीचं कुठंतरी काढून झालेलं आहे.

गेल्या महिन्यात मी माझा स्वतःचा कागद लिहून काढला. वय झालं, आणि मास्तरला दुसऱ्याच्या अक्षराचा भरवसा नसतो. वाचून बघायला तिलाच बोलावलं. तिनं पाहिलं, दोन चुका काढल्या.

"हा माझ्या वेळी तू वाच," मी म्हणालो.

"बाईनं वाचायची रीत आहे का?"

"नाही. पण तुझा आवाज चांगला आहे."

तिनं कागदाची घडी घातली, स्कर्टच्या खिशात ठेवली आणि बराच वेळ अंगणातल्या रेघेकडे पाहत राहिली.

"वाचेन, र्रा," ती म्हणाली. "पण मध्येच खोकला आला, तर राग मानू नका."